उतारावरचे नातेवाईक

आमचे सगळे नातेवाईक उतारावर राहत. सपाटीवर राहणारेही होते; पण त्यांच्याकडे आम्ही जात नव्हतो.

याला कारण भाऊंची मोटार. भाऊ म्हणजे आमचे वडील. त्यांनी ती तिसऱ्या की चौथ्या हाताने घेतली, तेव्हाच तिच्या स्टार्टरने मौनव्रत धरलं होतं. बटण ओढलं की आतून फक्त ‘टक्’ असा आवाज यायचा आणि मग शांतता. पुढून हँडल मारायची सोय होती. पण ते एकदा उलटं फिरलं आणि भाऊंचा हात महिनाभर गळ्यात आला. (नंतर आईने ते हँडल फाटकाला अडसर म्हणून लावलं. तिथे त्याने उत्तम काम केलं.) उरला तो उतार. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या घरासमोर भाऊंनी बैलगाडीने मुरूम आणून स्वतःचा खासगी उतार तयार केला. कुठेही जायचं तर आधी चौकशी, “त्यांचं घर चढावर आहे ना?” यावलची आत्या चढावर राहायची, म्हणून तिचं आणि आमचं फार सख्य. धुळ्याचे काका स्वभावाने लाख माणूस, पण जमीन सपाट! त्यांच्या घरभरणीला आम्ही मनिऑर्डर केली.

आणि आईचं माहेर होतं बोदवडला. गल्ली अशी, की मधोमध गोटी ठेवली तर संध्याकाळी तिथेच सापडावी.

आईची एकच इच्छा होती. आखाजीला माहेरच्या दारात स्वतःच्या मोटारीतून उतरायचं. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी जमतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस संपेपर्यंत राहतात. दरवर्षी आईचे थोरले भाऊ, आमचे नानामामा, मुराळी होऊन तिला न्यायला यायचे आणि पॅसेंजरच्या गर्दीत आई पत्र्याच्या पेटीवर बसून माहेरी जायची.

“एकदा तरी माझ्या माहेरच्या दारात आपला हॉर्न वाजायला पाहिजे हो,” ती भाऊंना म्हणायची.

“हॉर्न वाजेल. पण परत कसं यायचं?” भाऊ विचारायचे.

त्या वर्षी मात्र उत्तर घरातच तयार झालं होतं. ते म्हणजे मी! मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो आणि जगातलं कुठलंही यंत्र मला घाबरतं अशी माझी समजूत होती. सुट्टीत मी स्टार्टर खोलला. आतले कार्बन झिजून लवंगेएवढे झाले होते. नवे घातले. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी साचली होती, ती गरम पाण्याने धुतली, वायरी परत लावल्या. भाऊंनी बटण ओढलं आणि मोटार मुरमाच्या उतारावर उभ्या उभ्या, कोणीही न ढकलता, सुरू झाली! आईने तिला ओवाळलं. मला नाही, मोटारीला.

पण भाऊंची अट होती. “आखाजीला सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मला दुसऱ्या दिवशी कचेरी आहे.”

“मग मला पंधरा दिवस राहू द्या, नाना आणून सोडतील.”

“मोटारीने नेलेली बायको पॅसेंजरने परत आणायची? लोक काय म्हणतील?”

आईने पत्र्याची पेटी दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. मग म्हणाली, “चालेल. एक दिवस तर एक दिवस.” वर्षभर वाट पाहिलेले पंधरा दिवस तिने त्या हॉर्नवरून ओवाळून टाकले.

हॉर्न मात्र वाजला! भाऊंनी गल्लीच्या तोंडापासून वाजवला तो मामांच्या दारापर्यंत. लेकी झोक्यांवरून उड्या टाकून धावल्या. “माय वं! इंदू मोटारीत आली!” आई इतकी हळू उतरली की मला वाटलं तिची साडी दारात अडकली. दुपारभर ती झोक्यावर होती. पायाने जमीन रेटत, डोळे मिटून, मोठ्याने गात. घरात मी तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. खरं सांगतो, मला तेव्हा ती थोडी परकी वाटली आणि फार आवडली.

उन्हं कलली. भाऊंनी घड्याळाकडे बघितलं. आई झोक्यावरून उतरली, चेहऱ्यावरचं गाणंही उतरलं. पिशवी मागच्या सीटवर ठेवून ती मोटारीत बसली. मी ऐटीत भाऊंना म्हणालो, “ओढा बटण.”

टक्.

“परत ओढा.”

टक्!

मी बोनेट उघडलं. गल्ली जमली. मी भराभर निदानं केली. आधी कार्बन, मग स्टार्टरचं दातेरी चाक, मग इग्निशन. प्रत्येक निदानानंतर टक्. (बॅटरीच्या वायरी मी तपासल्या नाहीत. त्या मी स्वतः लावल्या होत्या, त्यात काय बघायचं?) शेवटी भाऊ म्हणाले, “धक्का द्या.”

आखाजीला बोदवडचे सगळे पुरुष पत्ते कुटत बसलेले. डाव सोडून एकही उठला नाही. मग लेकींनीच पदर खोचले आणि मागून हात लावले. तेवढ्यात नानामामा पत्ते हातात घेऊनच धावत आले.

“थांबा! काय करून राहिल्या तुम्ही?”

“मोटार ढकलतो, नाना.”

“आन आत कोन बसली शे? आखाजीले आलेल्या लेकीले माहेरातून ढकलून काढता? गाव काय म्हनीन?”

सगळ्यांचे हात मागे आले. भाऊंनी खूप समजावलं की ढकलायचं मोटारीला आहे, इंदूला नाही. मामा ऐकेनात. शेवटी मामींनी तोडगा काढला. “इंदूले उतरू द्या. मोटार चालू झाली का बसीन ती.”

“आन जवाईबोवा?” कोणीतरी विचारलं.

मामांनी क्षणभर विचार केला. “जवाईले ढकलाले काही हरकत नही.”

त्यानंतर लेकींनी जो जोर लावला, तो मोटार सुरू करण्यासाठी होता असं मला आजही वाटत नाही! वर्षानुवर्षांची सासरची सगळी कसर त्यांनी एका जावयावर काढली. मोटार गचके खात सुरू झाली, मी पळत आत शिरलो आणि भाऊ ओरडले, “आता थांबता येणार नाही! बंद पडेल!” त्यांनी गल्लीला वळसा घातला आणि दारासमोरून जाताना हाक दिली, “इंदू, चढ!”

आई दोन पावलं धावली. कोंबड्या उडाल्या, धूळ उडाली, मोटार पुढे गेली. दुसऱ्या फेरीत मी दार उघडून हात बाहेर काढला. आईने एकच पाऊल टाकलं. तिसऱ्या फेरीला आलो तेव्हा ती झोक्यावर बसली होती आणि आम्हाला हात हलवून निरोप देत होती.

भाऊ चौथी फेरी घालायला तयार होते. पण पेट्रोलचा काटा तयार नव्हता. रेल्वे फाटकाशी ते अॅक्सिलरेटर दाबत गुरगुरत उभे राहिले, आणि मग थेट जळगावपर्यंत त्यांनी मोटार थांबू दिली नाही. मागच्या सीटवर आईची पिशवी होती. तिच्यात आईने आमच्यासाठी बांधून घेतलेल्या सांजोऱ्या होत्या. त्यांच्यावर आम्ही दोन दिवस काढले, पुढचे दिवस माझ्या खिचडीवर. संध्याकाळी ओट्यावर बसलं की घर इतकं रिकामं वाटायचं, की भाऊ उगाच जाऊन हॉर्न वाजवून यायचे.

बिघाड मला दुसऱ्या दिवशीच सापडला. बॅटरीच्या वायरीचा नट मी पान्याने आवळलाच नव्हता, नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता.

आमरस संपल्यावर आई नानामामांबरोबर पॅसेंजरने परत आली. मामींची साडी नेसून, उन्हाने काळवंडलेली, गुणगुणत. मला एका शब्दाने बोलली नाही. पण पुढच्या आखाजीला, बोदवडहून निघायच्या वेळी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “निघायच्या आधी तू एकदा गाडी बघून घे रे.”

त्यानंतर दर आखाजीला ती हेच म्हणायची. आणि भाऊ, माझे कचेरीवाले भाऊ, स्वतःहून पाना माझ्या हातात द्यायचे.

आता दोघंही नाहीत. यंदाच्या आखाजीला मी माझी नवी गाडी घेऊन बोदवडला गेलो. मामेभाऊ घरी होता, चहा झाला. लिंब आहे, झोका नव्हता. निघताना मी सवयीने बोनेट उघडलं. आत काळं प्लॅस्टिकचं झाकण. बिघडवायला हात कुठे घालायचा तेच कळेना! शेवटी बटण दाबलं. हलकट लगेच सुरू झाली. मी गल्लीत उगाच तीन फेऱ्या मारल्या, आणि मग माझा मीच निघून आलो. कोणी ढकललंसुद्धा नाही.