पायाळू आत्याचा पाय

आमच्या आत्याला गोड बोलता येत नसे. येत असलं तरी आम्ही कोणी ते ऐकलं नाही. सकाळी ओटीवर मिश्री लावत बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा उद्धार करायची. तरी सुकापुरातली माणसं तिच्यापुढे ओणवी व्हायला यायची, कारण आत्या पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, आणि अशा माणसाने पाय लावला की पाठीतली उसण, आखडलेली मान मोकळी होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "मी उलटी आले म्हनून तुमी सरल चालता," असं ती म्हणायची. ते वाक्य आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

शेतांच्या जागी टॉवर आले, तशी टॉवरमधली शिकलेली माणसंही लिफ्टने उतरून तिच्याकडे येऊ लागली. मग तर तिला आकाश ठेंगणं झालं. "डाक्टरला सुई लागते. मना चप्पल पन लागत नाय," म्हणायची.

मग आमच्या भागात मेंदूज्वराची साथ आली. समाजमंदिरात लस द्यायला सुरुवात झाली आणि सिस्टर घरोघर फिरू लागल्या. जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, उजेड न सोसणं, हनुवटी छातीला न टेकणं, काचेचा पेला वर दाबूनही पुसट न होणारे जांभळे ठिपके, असं काही दिसलं तर घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. उष्टे पेले वापरू नका, आणि पोरांना लस द्या, असं त्या सांगत. आत्याने तांब्यातलं पाणी सिस्टरांच्या पायांवर ओतलं. "मान धरली तर मी हाय. सुया दुसऱ्याच्या दारी न्या."

माझी बायको दीपाली आमच्या तन्वीला घेऊन लसीला निघाली, तर आत्या उंबऱ्यात आडवी झाली. "जा माझ्या अंगावरून." मोठ्या माणसाला ओलांडायचं नाही, या शिकवणीपायी दीपाली परत फिरली. मी तेव्हा मोरा बंदरात लाँचवर कामाला होतो; हा प्रकार मला नंतर कळला.

थोड्याच दिवसांनी तन्वी तापाने फणफणली. मान वळेना. दीपाली म्हणाली, "आत्या, सिस्टरांनी सांगितलंय, ताप आणि मान दोन्ही असेल तर हॉस्पिटल."

"त्या बाईला मानेतलं काय कलतं? उसन हाय ती." आत्याने पोरीला पालथं निजवलं आणि मानेवर पाय ठेवला. "दुपारपातुर उतरंल."

दुपारी तन्वीने उलटी केली आणि खिडकी लावायला सांगितली. आत्या म्हणाली, उतरतंय. दीपालीचा फोन आला तसा मी कामावरून तडक घरी आलो, पोरीला उचललं आणि कोणाचंही न ऐकता रिक्षात घातलं. तन्वी वाचली. दोन्ही कान गेले. "सकाळी आणली असती तर," एवढंच डॉक्टर म्हणाले.

साथ पसरू नये म्हणून घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या. त्यांनी लघवी केशरी होते, हे सिस्टरांनी बजावलं होतं. आत्याने ऐकलं नव्हतं. मोरीतून ओरडली, "मना इख घातलं."

"घातलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणालो. उरलेल्या गोळ्या तिने मुकाट घेतल्या.

त्यानंतर ती कोणाला पाय लावेना. लुगड्यात पाय ओढून बसायची. कोणी ओणवा झाला की खेकसायची, "ताप हाय का? हनवटी लाव छातीला. नाय लागत? मग मेल्या, हितं मरायला आलास? हास्पिटलात जा." आत्यामुळे कितीतरी पोरं वाचली, असं गाव अजून म्हणतं. वाचली असतील. मी ते ऐकतो आणि माझ्या अंगाची आग होते. आई गेल्यावर मला कडेवर घेऊन खाजणातून हिंडवणारी हीच आत्या. परकी असती तर एव्हाना तिला विसरलो असतो.

गेल्या वर्षी आत्या गेली. तिला ओटीवर ठेवलं होतं आणि माणसं वाकून पायांना हात लावत होती. मी भिंतीला टेकून लांब उभा होतो. तन्वी गर्दीतून पुढे निघाली.

"पायांना नको," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन. सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. तन्वी तेवढी वळली नाही. तिने आत्याच्या पायांवर डोकं टेकलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.