डिसेंबरच्या पानावरची ओहोटी

"काका, तो माणूस उभ्या-उभ्या मेला ना, तो दगड कुठला?"

गाडीतून उतरून पाय अजून जमिनीला नीट टेकलेले नसतात, बॅगा डिकीतच असतात, पोरांना लघवीला लागलेली असते, आणि हा प्रश्न येतो. खोलीत पाणी आहे का, जेवायला काय आहे, हरिहरेश्वरला उद्या किती वाजता निघावं, हे सगळं मागाहून. आधी मेलेला माणूस. एकीनं तर मला विचारलं, "त्या दगडावर बसून फोटो काढता येतो का?" मला ह्या लोकांचा इतका राग येतो की चहात साखरेऐवजी मीठ घालावं. एकदा घातलंही. तो कप नेमका माझ्या बायकोच्या हातात गेला, तेव्हापासून तो उद्योग बंद आहे.

पण राग जेवढा त्यांचा येतो त्याच्या दुप्पट माझा येतो. कारण त्यांना ही गोष्ट शिकवली मी.

आमची खानावळ खाडीच्या तोंडाशी आहे. मागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या. जेवण बायको बघते, मी ताटाबरोबर गोष्टी वाढतो. माझ्या गोष्टींत आमच्या गावात वाघ येतो, जो माझ्या आजोबांनीही पाहिला नव्हता. मी एका कुटुंबाला हरिहरेश्वरचा आतला, जवळचा रस्ता समजावून सांगितला होता, ते दीड तासानं म्हसळ्याच्या बाजारात उभे राहून मला फोन करत होते. तरी लोक परत येतात. "काका मजा आणतात," म्हणतात. ह्या मजेचंच पुढे काय झालं ते सांगतो.

गेलेला माणूस म्हसळ्याकडच्या आतल्या गावचा, भातशेतीतला. मुंबईत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून वर्षं काढली, मग बायकोला घेऊन आमच्या गावात तिच्या मामाच्या रिकाम्या घरात राहायला आला. ती आमच्याकडे आणि गल्लीतल्या आणखी चार खानावळींत तांदळाच्या भाकऱ्या थापायची. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ असायची. तो पडेल ते काम करायचा, नारळ सोलायचा, पंप उघडून बसायचा. समुद्रातलं त्याला काही कळत नसे आणि हे तो लपवतही नसे. "भाऊ, मी भाताच्या पाण्यातला माणूस," तो म्हणायचा. "आमचं पाणी बांध फोडल्याबिगर हलत न्हाय. तुमचं आपलं आपण हलतंय. त्याचं काय ते तुम्ही सांगा."

आणि मी सांगायचो. कोळीवाड्यात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं वर न बघता अचूक सांगितलं असतं. पण मी कॅलेंडर बघून सांगायचो, म्हणजे ते शास्त्र.

आमच्याकडे हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. सहा तास अलीकडे किंवा पलीकडे ओहोटी. बीज असली तर दोनाची पाऊणपट दीड, दीडला भरती, सकाळी साडेसातला ओहोटी. चौथ असली तर चाराची पाऊणपट तीन, तीनला भरती, नऊला ओहोटी. फक्त तिथी बरोबर हवी.

त्या सकाळी पाहुण्यांना कालवं हवी होती. ताजी, त्यांच्यासमोर शिंपली फोडून काढलेली. कालवं मिळतात खाडीच्या तोंडावरच्या मोठ्या खडकावर, आणि तो पाण्याबाहेर येतो पूर्ण ओहोटीला. मी त्याला हाक मारली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि हॉटेलवाल्याच्या नव्हे, पंचांगकर्त्याच्या आवाजात म्हणालो, "आज चौथ. नऊला ओहोटी. साडेआठला खडकावर जा, दहापर्यंत निवांत काढ."

"बरं, भाऊ," म्हणाला आणि कोयता आणायला घरी गेला.

आदल्या संध्याकाळी एका गृहस्थाचा नाताळच्या बुकिंगसाठी फोन आला होता. तारखा बघायला मी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मागे दुमडून डिसेंबरचं पान वर आणलं होतं. ते तसंच राहिलं. मी ऑक्टोबरची तारीख डिसेंबरच्या पानावर वाचत होतो. दोन दिवसांपूर्वी कोजागिरी झालेली, त्या रात्री अंगणात बसून मीच मसाला दुधाचे तीन पेले प्यायलो होतो, आणि पौर्णिमेनंतर दोनच दिवसांत चौथ कशी येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. दीड तासाची चूक. खरी ओहोटी साडेसातलाच होऊन गेली होती. मी त्याला चढत्या पाण्यात पाठवला.

दहा वाजले, साडेदहा वाजले, तो आला नाही. मला वाटलं, गप्पा मारत बसला असेल. पाहुण्यांना म्हटलं, "कालवं आज रुसलीत, सुरमई घ्या." ते हसले. मीही हसलो. हे हसणं मला अजून ऐकू येतं. बारा वाजता माझ्या बायकोनं विचारलं तेव्हा मी किनाऱ्यावर गेलो. खडकाचं टोकही दिसत नव्हतं. कोळीवाड्यातल्या दोघांनी होडी काढली, भर पाण्यात काही सापडलं नाही. संध्याकाळी पाच वाजता पाणी बरंच उतरलं तेव्हा आधी डोकं दिसलं, मग खांदे. दोन दगडांच्या फटीत त्याचा पाय घोट्याच्या वरपर्यंत अडकला होता. त्यामुळे पाण्यानं त्याला नेलं नाही. खडकाला टेकून तो उभा होता. एका हातानं दगडाचा कंगोरा धरलेला, दुसरा हात खाली लोंबत होता. एवढंच होतं. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पोलिसांनी बुडून मृत्यू म्हणून लिहिलं, तीन ओळींत. तीन ओळींत मावणारं मरण लोकांना पुरत नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो, दिवा लावला आणि भिंतीवर डिसेंबर दिसला. मी काय केलं? पान सरळ केलं. ऑक्टोबर वर आणला, चुरगळलेली घडी तळहातानं दाबून नीट केली आणि कुणालाही काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

चार दिवसांनी नाक्यावर कुणीतरी म्हणालं, "पाण्यातल्या बाईनं धरला त्याला. नाहीतर माणूस उभा कसा मरतो?" खरं सांगतो, मला हायसं वाटलं. बाईनं धरला असेल तर कॅलेंडर सुटलं. मग मीच ती बाई पाळली, पोसली, मोठी केली. पहिल्यांदा भीतीनं सांगत होतो, नंतर चव लागली. पाहुणे घास हातात धरून ऐकत राहायचे. एकदा एका बाईंच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून मी त्याचा लोंबणारा हात वर घेतला, दुसऱ्या हाताला जोडला आणि त्याला किनाऱ्यावरच्या देवळाकडे तोंड करून नमस्कार करत उभा केला. पाणी आलं त्यांच्या डोळ्यांत. पुढच्या गिऱ्हाइकापासून हात जोडलेलेच राहिले.

इथवर मी नुसता मूर्ख होतो. पण एका जेवणाला एक शहाणा पाहुणा निघाला. "पण काका," तो म्हणाला, "तो भरतीच्या वेळी गेलाच कशाला? वेळ कोणी सांगितली त्याला?" माझं तोंड माझ्या आधी धावतं. मी म्हणालो, "सकाळी बायकोशी वाजलं होतं म्हणे. डोक्यात राख घालून गेला."

हा 'म्हणे' फार हलकट शब्द आहे. तो लावला की बोलणारा मोकळा आणि ज्याच्याबद्दल बोललं तो अडकला. महिन्याभरात गावात झालं की बायकोनं उपाशी पाठवला, मग झालं की तिनं काहीतरी केलं, मग तिच्या आजोळी कुणाला काय येत होतं तेही लोकांना आठवलं. चारही खानावळींनी तिच्या भाकऱ्या बंद केल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. "सध्या गिऱ्हाईक कमी आहे," म्हणाले, आणि बाहेर गाड्या उभ्या. नळावर ती आली की बायका हंडे उचलून घरी जायच्या. माझी बायको तेवढी तिला बोलवत राहिली, आणि मी मनात म्हणायचो, बघा, मी किती चांगला माणूस आहे.

मग तो व्हिडिओवाला आला. गूढ मृत्यूंचे व्हिडिओ करतो म्हणाला, कॉलरला चिमट्यानं माइक लावला, मला "सर" म्हणाला. मला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. मी केस विंचरून बसलो. सगळं सांगितलं, बाई, देऊळ, जोडलेले हात.

"आणि सर, घरातून निघताना नेमकं काय झालं होतं?" त्यानं डोळे मोठे करून विचारलं.

"बायकोशी वाजलं होतं म्हणे," मी म्हणालो.

आत भाकरी थापण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. त्याची बायको बाहेर आली. दोन्ही हात पिठानं भरलेले.

"व्हय, वाजलं व्हतं," ती म्हणाली. "कशावरनं वाजलं ते पन सांगा की, भाऊ."

मी कॉलरवरचा माइक चाचपला.

"तुमास्नी ठाव न्हाय? मग मी सांगते. ते म्हनले, आज चौथ हाय, भाऊनी कॅलेंडर बघून सांगितलंय. मी म्हनले, चौथीला माझा उपास असतो, तो परवा हाय. आज बीज. मी काय तिथी इसरन व्हय? तर म्हनले, तुला जास्त कळतंय की भाऊला? ते भिताडावर बघून सांगतात. आन् गेले."

एवढे महिने तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या तव्यावर भाकऱ्या भाजत, भिंतीपलीकडून माझी गोष्ट ऐकत, मी कधी खरं बोलतो ह्याची ती वाट बघत होती.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं. असा प्रश्न विचारायला किती निगरगट्ट माणूस लागतो, बघा.

"मी बोलले असते तर खरं कुनी मानलं असतं? गोष्ट सांगनारं तुम्ही. सांगा आता. ह्या मशिनीत सांगा."

मी सांगितलं. डिसेंबरचं पान, दीड तास, दुमडलेली घडी, लोंबणारा हात. शेवटपर्यंत सांगितलं. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पदरानं हात पुसले आणि आत गेली. मी त्या माणसाकडे बघितलं. तो माइकचा चिमटा काढत होता.

"ठीक आहे सर, हे आपण कट करू," तो म्हणाला. "ह्यात काही नाही ना. म्हणजे, कॅलेंडर... लोक पुढे ढकलतील."

"अरे, माणूस त्यानं मेला!"

"हो सर, पण ते साधं आहे."

व्हिडिओ आला तेव्हा त्यात मी होतो, माझा भांग होता, बाई होती, जोडलेले हात होते. "बायकोशी वाजलं होतं म्हणे" हे वाक्य तर सुरुवातीलाच, वर ढोल वाजवून. पिठाच्या हातांची ती त्यात कुठेच नव्हती. मी फोन केला, शिव्या दिल्या. तो म्हणाला, "सर, तुम्हीच बोललात ना?" ह्यावर देण्यासारखी शिवी मला अजून सापडलेली नाही.

ती दुसऱ्या दिवशी आली, पण आत आली नाही. "चला," म्हणाली. "चारी ठिकानी चला. मशिनीनं खाल्लं, मानसं तर खानार न्हाईत."

भर दुपारी, जेवणं चालू असताना, आम्ही चार खानावळींत गेलो. ती अंगणात उभी राहायची, मी मालकासमोर आणि बसलेल्या पंगतीसमोर सांगायचो. पहिल्या ठिकाणी मालक म्हणाला, "मला वाटलंच होतं, तू आणि पंचांग!" आणि खो खो हसला. हसला तरी म्हणाला, "वहिनी, उद्यापासून या." दुसरा म्हणाला, बघू. त्याचं बघू अजून चालू आहे. तिसऱ्या खानावळीची म्हातारी मालकीण माझं बोलणं संपेपर्यंत खाली बघत होती, मग उठली आणि तिला आतून पाट आणून दिला. मला बस म्हणाली नाही. चौथा जास्त हुशार निघाला. "या की," तो तिला म्हणाला, "आमची गिऱ्हाइकं विचारतातच, ती बाई दाखवा म्हणून." ती त्याच्या अंगणातून तशीच फिरली. माझा हात उठला होता. तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ही तुमचीच शिकवन हाय."

परत येताना मी विचारलं, "आमच्याकडे उद्या..."

"न्हाय," ती म्हणाली. "तुमच्याकडं न्हाय करनार."

आता आमच्याकडे भाकऱ्या मी थापतो. बायकोनं सरळ सांगितलं, ते तुमचं काम. मधोमध चिरते, कडेला जाड राहते, पाहुणे नाक मुरडतात. डिसेंबरचं ते पान मी काढून गल्ल्याच्या वर ठोकलं आहे. दगड कुठला असं कुणी विचारलं की त्या पानाकडे बोट दाखवतो आणि सगळं सांगतो. त्यांचा चेहरा पडतो. काही जण तर फसवल्यासारखे बघतात. परवाच एक जण सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पण काका, हात जोडलेले होते ना? व्हिडिओत आहे."

"मी जोडले ते," मी म्हणालो. "तो दगडाला धरून होता. त्याला जगायचं होतं."

तो ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडायला लागला. मोडेना.

"चांगली भाकरी हवी असेल तर इथून तिसऱ्या खानावळीत जा," मी त्याला सांगितलं. "पोटभर खा. आणि ती करणाऱ्या बाईला काहीही विचारू नका."