आईपासून लपवलेलं अथेन्स

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिडनीतल्या कॅसल हिलच्या मेट्रो स्टेशनाबाहेर उभी राहून, घरी गेल्यावर कोणती भाजी टाकायची याचा विचार करत होते. फोन तिच्या मुलाचा, ओजसचा होता. ‘मावशी, आई...’ एवढंच म्हणाला आणि पुढचं त्याला मराठीत सांगता येईना. इंग्रजीतही येईना. शेवटी त्याच्या हातून फोन घेऊन नंदाच्या लॅबमधल्या एका बाईंनी सांगितलं, काम करता करता कोसळली, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची. मी त्या बाईंना ‘थँक यू’ म्हणाले. कशाबद्दल, देव जाणे.

आमची मैत्री बावीस वर्षांची. गिरावीन या उपनगरात एकाच जिन्यावर आमची भाड्याची घरं होती. मी पुढे कॅसल हिलला आले, ती तिथेच राहिली. काडीमोड झाल्यावर एकटीने मुलगा वाढवला आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. बाई महाशिस्तीची. फ्रीझरमधल्या वाटणाच्या डब्यांवरसुद्धा लॅबमधल्यासारखी तारीखवार लेबलं. मी एकदा तिच्या गोठवलेल्या आमटीला ‘सँपल’ म्हणाले, तर दोन दिवस बोलली नाही.

परदेशात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. इथे आम्हाला वर्षाला चार आठवडे रजा मिळते आणि ती आमची नसते. ती आईची असते, सासूची असते, भाच्याच्या मुंजीची असते. ऑफिसातले लोक बाली, फिजी, इटली करून येतात आणि आम्हाला विचारतात, ‘गोइंग होम अगेन, मेट?’ नंदाची आई सांगलीला एकटी, त्यामुळे नंदा बावीस वर्षांत सांगलीशिवाय कुठे गेली नाही. जाताना बॅगभर व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि चॉकलेटं, येताना बॅगभर भाजणी आणि मसाले. तिथे पोचलं की बँक, आईचे डॉक्टर, गळका नळ, पेन्शनचा दाखला. परत आली की म्हणायची, ‘झाली बाई रजा, आता कामावर जाऊन जरा बसते.’

अथेन्सचं वेड तिचं शाळेपासूनचं. इतिहासाच्या पुस्तकातलं ते खांबांचं चित्र तिने वहीवर उतरवून काढलं होतं म्हणे. गेल्या वर्षी मी म्हटलं, ‘चल, आपण दोघीच जाऊ.’ ती म्हणाली, ‘आणि आईला काय सांगू?’ मी म्हटलं, ‘सांग, या वर्षी रजा मिळाली नाही म्हणून. पुढच्या जूनमध्ये जा की सांगलीला, आई कुठे पळून चालली आहे?’

हे वाक्य माझं आहे, नंदाचं नाही. आज हा लेख लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

तिने दोन रात्री झोपेविना काढल्या आणि मग आईला तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘बरं, पुढच्या वर्षी ये. तब्येतीला जप.’ त्यांनी त्रागा केला असता तर नंदाला सोपं गेलं असतं.

सप्टेंबरात गेलो. अ‍ॅक्रोपोलिसचा चढ आम्ही सकाळीच चढलो, तरी ऊन असं की डोक्यावर ओढण्या घ्याव्या लागल्या. वर पोचल्यावर नंदा थेट खांबांपाशी गेली. खांबांना हात लावायला बंदी, म्हणून नुसती समोर उभी. मग म्हणाली, ‘अर्धं पडलंय गं. पण कुणी त्याला नवं व्हायला सांगत नाहीये...’ मी नेहमीप्रमाणे काहीतरी फालतू विनोद केला. त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. खाण्याच्या बाबतीत मात्र तिने मला लाजवलं. शाकाहारी बाईचं तिथे कसं होणार म्हणून मी मेथीचे ठेपले नेले होते, ते तसेच राहिले. टोमॅटोत शिजवलेले टपोरे पांढरे वाल, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, सकाळी गरम चीजची पाई. वालांसाठी तर ती स्वयंपाकघरात शिरली आणि त्या आचारीबाईंकडून खुणांनी कृती लिहून घेतली. फोटो काढायला ना नव्हती, पण सगळे माझ्याच फोनमध्ये. ग्रुपवर एकही टाकायचा नाही. तिची कोल्हापूरची मामेबहीण पाच मिनिटांत बातमी सांगलीला पोचवेल, ही धास्ती.

आणि मग रविवार आला. दर रविवारी सिडनीत संध्याकाळी सात वाजता ती आईला व्हिडिओ कॉल करायची, तो चुकवणं शक्य नव्हतं. सिडनीत सात म्हणजे अथेन्समध्ये भर दुपारचे बारा. आम्ही हॉटेलच्या खोलीचे पडदे ओढले, वर चादर खोचली, दिवा लावला. सिडनीत अजून गारवा असणार म्हणून नंदाने त्या उकाड्यात स्वेटर चढवला. बोलणं सुरू झालं आणि बाहेर चर्चच्या घंटा. ‘देवळात आहेस का गं?’ काकूंनी विचारलं. ‘नाही आई, शेजाऱ्यांकडे लग्न आहे,’ नंदा म्हणाली, घामाने निथळत. मी उशीत तोंड खुपसून हसत होते. फोन ठेवल्यावर तीही हसली, खूप हसली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, ‘शैले, मी आईशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतेय आणि मला इतकं छान वाटतंय, याचंच वाईट वाटतंय.’

त्या रात्री आम्ही जुन्या वस्तीतल्या एका खानावळीत जेवलो. तिथे रात्री अकराला लोक जेवायला बसतात, पोराबाळांसकट. तारवाद्य घेऊन दोन म्हातारे वाजवत होते. साडेबाराच्या सुमारास टेबलं सरकवली गेली आणि सत्तरीची एक बाई आली, तिने सरळ नंदाचा हात धरून तिला उठवलं. मला वाटलं, ही आता ‘नो नो’ करत खुर्चीला चिकटेल. कसलं काय! कुडता आणि चालायचे बूट अशा अवतारात माझी मैत्रीण त्या रांगेत शिरली आणि नाचली. पावलं चुकत होती, तिला पर्वा नव्हती. परतताना गल्लीत थांबून म्हणाली, ‘मध्यरात्र उलटलीय आणि मी घराबाहेर आहे, आणि कुणाला माझी काही गरज नाहीये. काय मस्त वाटतं गं!’ मग थोड्या वेळाने, ‘जूनमध्ये आईला सगळं सांगणार. समोर बसवून सांगणार.’

जूनचं तिकीट काढून झालं होतं. नंदा मार्चमध्ये गेली.

अंत्यसंस्कार काकूंनी सांगलीत बसून, भाच्याच्या मोबाइलवर पाहिले. नंतर ओजस दोनदा म्हणाला, ‘मावशी, आजी इज आस्किंग फॉर यू.’ मी सबबी सांगितल्या. काय तोंडाने बोलणार होते? मायलेकींची जी शेवटची भेट व्हायची, ती मी खाल्ली होती. माझ्या एका वाक्याने. लोक समजूत घालतात, तू काय मुद्दाम केलंस का वगैरे. ते सगळं खरं आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी ओजससाठी डबा घेऊन गिरावीनला गेले. सात वाजले होते. नंदाच्या स्वयंपाकघरात, नंदाच्याच खुर्चीवर बसून तो टॅबवर आजीला कॉल लावत होता. मला पळता आलं असतं. पण त्याने खुर्ची रिकामी केली, ‘यू टॉक टु हर, प्लीज’ म्हणाला, आणि मी बसले. काकू केवढ्याशा झाल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. रजा मिळाली होती, अथेन्सला गेलो, खोटं मी शिकवलं... काकू ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा कठीण झाला. पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले.

मग म्हणाल्या, ‘मला सांगितलं असतं तर मी नको म्हणाले असते. म्हटलंच असतं. आणि ती गेली नसती.’

ओजस माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला.

‘शैला, ती यायची ती कामं घेऊन यायची गं. माझी बँक, माझे डॉक्टर. इतक्या वर्षांत मी माझी मुलगी दमलेलीच पाहिली. काही आहे का तुझ्याकडे तिथलं?’

त्या रात्रीचा नाचतानाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ होता. पाठवते म्हटलं तर म्हणाल्या, ‘नको, मला ते उघडता येत नाही, आत्ताच दाखव.’ म्हणून मी माझा फोन टॅबसमोर धरला. फोन हलू नये म्हणून ओजसने माझं मनगट धरून ठेवलं. काकू डोळे बारीक करून स्क्रीनच्या इतक्या जवळ आल्या की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

‘गाणं ऐकू येतंय,’ त्या म्हणाल्या, ‘पण चेहरा नीट दिसत नाही. हसतेय का ती?’

‘हो काकू, हसतेय.’

‘मग पुन्हा लाव.’