पॉइंट कुठं द्यायचा

"कोट्यातून आलं की असंच. पॉइंट कुठं द्यायचा तेही कळत नाही."

आमचा टीम लीड माझ्याबद्दल मराठीत बोलला. डेमो चालू होता. आमच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या स्क्रीनवर खोलीचं तापमान चार हजार डिग्री. टेबलाशी आम्ही तिघं मराठी आणि आमचा अमेरिकन मॅनेजर. तिसरा मराठी हसला. मॅनेजरनं विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

लीड म्हणाला, "नथिंग. जस्ट चिअरिंग हिम अप."

मला काहीच वाटलं नाही.

गोष्ट साधी होती. आमच्या स्वस्तातल्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारा भागच नव्हता. ते सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं, आणि कंपाइल करताना प्रत्येक लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्याला, तसं सांगायचं. एक जरी वेगळी राहिली की आकड्यांचा पार चुथडा. गणिताची लायब्ररी लीडनंच जुन्या, वेगळ्या चिपच्या प्रोजेक्टमधून आणून दिली होती. "परत बिल्ड करत बसू नकोस," म्हणाला होता.

अमेरिकेत, अल्फारेटात आल्यापासून माझं तोंड शिवलेलंच. नागपूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. आडनाव? मग गणपतीच्या पॉटलकला, घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, कुणी मसालेभात आणायचा, कुणी पुरणपोळ्या. आम्हाला दरवर्षी पेपर प्लेट्स, आमच्या हातचं कुणाला नको. बायको रडायची. मी म्हणायचो, "जाऊ दे ना बाप्पा, ग्रीन कार्ड होऊ दे." ग्रीन कार्डची फाइल लीडच्या शब्दावर अडलेली.

डेमो आटोपल्यावर लीड माझ्या खुर्चीशी वाकला. "मेल टाक. बिल्डची चूक तुझी होती म्हणून. फाइलचं मी बघतो."

मॅनेजर समोर वायर गुंडाळत होता. मी त्याला हाक मारली आणि लीडचं मघाचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. लायब्ररी कुणाची तेही सांगितलं. कोटा म्हणजे काय, माझी जात कुठली, तेही. इतकी वर्षं गिळलेलं आडनाव पूर्ण उच्चारलं.

लीड पांढराफटक. "अरे यार, गंमत होती ती."

मी तेही इंग्रजीत सांगितलं.

मॅनेजर गोंधळला. "आय डोन्ट गेट इट. यू आर बोथ इंडियन, राइट?"

फाइल तिथंच राहिली. आनंद झाला नाही. रडूही आलं नाही. घरी येऊन बायकोला म्हणालो, "यंदा प्लेट्स नाही. भाजी कर, मोठं पातेलं."

आता कुणी मराठीत माझी जात काढली, तर खोलीतल्या प्रत्येकाला कळेल अशा भाषेत मी ते सांगणार. नाही कळलं, तर पुन्हा सांगणार.