टेंभुर्णीपर्यंत माझा गुडघा टिकला, त्याची गोष्ट

सायकलला क्लिपलेस पेडल लावले आणि माझा उजवा गुडघा मागच्या बाजूने दुखायला लागला. या पेडलमध्ये त्यासाठीचा खास बूट खटकन अडकतो. टाच बाहेर वळवली की सुटतो, असं दुकानदार म्हणाला होता. नवऱ्याला निमित्तच हवं होतं. "जालन्याहून टेंभुर्णीला भावाकडं जाऊन ये," तो म्हणाला. "गुडघा दुखला तर सायकल विकायची, स्कूटी घ्यायची. न्हाई दुखला तर मी परत तोंड उघडणार न्हाई." पंचेचाळिशीत हौसेनं घेतलेली सायकल. ती पणाला लागली, तरी तोऱ्यात हो म्हणून बसले.

ऑफिसातली मैत्रीण शबाना सोबत आली, साधी सायकल आणि पायात चपला. उजाडताच निघालो. राजूरच्या रस्त्याला लवकर निघा, नंतर ट्रक वाढतात. दुतर्फा कपाशी होती, पण माझं सगळं लक्ष गुडघ्याकडं.

मागून शबाना ओरडली, "तुझी कंबर अशी काय झुलून राह्यली? सीट जास्तच वर झाली बघ."

"इंटरनेटवरून माप काढलंय," मी ऐटीत म्हणाले. गुडघ्याची शीर तेव्हा ठणकत होती.

राजूरला हॉटेलसमोर थांबले, म्हणजे सायकल थांबली. बूट सुटेना, दुसरा पाय जमिनीला पुरेना. सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल अशी आडवी झाले.

"ताई, पाय बांधून कशाला सायकल चालवून राह्यल्या?" हॉटेलवाल्याने मला उठवत विचारलं.

पोहे-चहा दोघींचा साठ रुपयांत झाला. खाताना बुटांकडे पाहिलं आणि डोक्यात उजेड पडला. सीटचं माप घेताना पायात फिरायला जायचे बूट होते, तळ भाकरीच्या चवडीएवढा जाड. या नव्यांचा तळ पापडासारखा. तेवढी सीट उंच, म्हणून प्रत्येक पेडलला पाय ताणला जात होता. पिशवीतून ॲलन की, म्हणजे बोल्ट सैल करायची छोटी चावी, काढून सीट बोटभर खाली घेतली.

"मंग? मी काय म्हणत होते?" शबाना म्हणाली. मी पोहे खात राहिले.

तिथून टेंभुर्णीपर्यंत पाय हलके फिरले. ठणका हळूहळू उतरला आणि मी आनंदाने गाणं म्हणू लागले, ते शबानाने बंद करायला लावलं. भावाच्या दारात मात्र आनंदाच्या भरात टाच वळवायची विसरले आणि पुन्हा आडवी झाले. "आक्का, बराबर उतरता येत न्हाई तर बसायचं कशाला?" एवढंच तो म्हणाला. वहिनीने हळद लावली, वर ठेचा-भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी जालन्यात परतले. या प्रवासातून शिकले ते एवढंच: ज्या बुटात सायकल चालवणार, त्याच बुटात सीटचं माप घ्या. नवऱ्यासमोर दहा उठबशा काढून दाखवल्या. गुडघ्याने चूं केलं नाही. तो माझ्या बाह्यांकडे बघू लागला.

"मंग एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट कशाला घातला?"

"पैज गुडघ्याची होती," मी म्हणाले. "कोपराचं कुणी काही बोललं नव्हतं."