तात्यांच्या ताटातली पोळी

सकाळी स्वतःला इन्सुलिन टोचताना त्या औषधाचा उग्र वास नाकात शिरतो, आणि मी तुळजापूरच्या आमच्या घरी, जुन्या पंगतीत जाऊन बसतो. वडील, म्हणजे तात्या, पुजारी. दर्शनाला आलेले यजमान आमच्याकडंच उतरायचे आणि तात्यांनी त्यांच्यासोबत जेवायचं, ही रीत. आपला मधुमेह त्यांनी यजमानांना कधी कळू दिला नव्हता.

त्या दुपारी मुरुमच्या यजमानांनी आग्रहानं त्यांना पुरणपोळी वाढली. मी विशीतला, गणपतीतल्या नाटकांत राजा होणारा. भर पंगतीत पोळी उचलून गरजलो, "तात्यांना साखर हाय! डॉक्टरांची सक्त मनाई!"

"आरारा, महाराज! सांगायचं न्हाय व्हय?" यजमान हळहळले. "पायाला मुंग्या येतात का? नजर कशी हाय?" मग सगळी पंगतच तात्यांची तब्येत विचारू लागली. तात्या मान खाली घालून भात कालवत राहिले.

बाप वाचवला म्हणून मी काय मिरवलो! आता लग्नाकार्यात लोक मलाही आधी साखर विचारतात, मग खुशाली. उत्तरं देऊन जीव शिणतो.

त्या पंगतीच्या दुसऱ्या दिवसापासून तात्या स्वयंपाकघरात एकटेच जेवू लागले. मला ते पथ्य वाटलं होतं.