राखेच्या गाड्या आणि आमचे दाजी

फोनवर दाजींचं नाव उमटलं तेव्हा मी चहा गाळत होतो. सकाळी त्यांचा फोन आला की छापून आलेली स्वतःची बातमी ते पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार, हे ठरलेलं. म्हणून उचलताच म्हणालो, "वाचा, ऐकतोय." पलीकडे ताई होती. "बाळू, ह्ये उठंनात रे..." एवढंच बोलली. दाजी झोपेतच गेले होते. आता काही आठवडे झाले, तरी सकाळी मी फोन जवळच ठेवतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिरसाळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं घर. थोडी शेती, दोन म्हशी आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकाचं वार्ताहरपण. गावच्या वार्ताहराला पगार कसला? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मिळवायच्या, त्यात सुटेल ते आपलं. मी त्यांना 'केकवाले पत्रकार' म्हणून चिडवायचो. "मेहुणे, केक कापतो, बातमी न्हाई कापत," असं म्हणून ते मोकळे व्हायचे. ती नुसती बढाई नव्हती, हे पुढं कळलं.

औष्णिक वीज केंद्रातली राख वीटभट्ट्यांकडे नेणाऱ्या गाड्या त्यांच्या गावात शाळेला घासून जायच्या, वरून सताड उघड्या. पोरांच्या खिचडीवर करडा थर बसायचा आणि अर्धा वर्ग खोकत असायचा. दाजी एके दिवशी प्रार्थनेपासून खिचडीपर्यंत पोरांसोबत शेवटच्या बाकावर बसून राहिले, स्वतः खोकत घरी आले आणि बातमी लिहिली. गाड्या गावचे पुढारी आबा यांच्या, हेही नावानिशी लिहिलं. घोटाळा असा, की त्याच दुपारी त्यांनी आबांच्या वाढदिवसाची जाहिरातही पाठवली होती आणि सवयीनं वर 'पर्यावरणप्रेमी नेतृत्व' असं घातलं होतं. कार्यालयानं दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक छापलं... आबांच्या हसऱ्या फोटोखाली आबांचीच राख! सगळा तालुका हसला.

आबा चार माणसं घेऊन अंगणात आले. मी तिथंच होतो.

"माझ्याच वाढदिवसाला माझ्याच फोटोखाली ही राख का म्हणून टाकली रे?"

दाजी खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "आबा, फोटो बी तुमचा, राख बी तुमचीच. यातलं खोटं काय ते सांगा, उद्या माफी छापतो."

आबांनी जाताना दम दिला, आणि त्यानंतर तालुक्यातल्या एकाही पुढाऱ्याची जाहिरात दाजींना मिळाली नाही. घर म्हशींवर चाललं. सगळ्या नातेवाइकांनी, मीही, त्यांना हात आवरायला सांगितलं. ते हो-हो म्हणायचे आणि पुन्हा शाळेत जाऊन बसायचे, पुन्हा लिहायचे. शेवटी पोरांच्या आयाच ग्रामसभेत उठल्या. राख ओली केल्याशिवाय आणि वर ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी गावात शिरू द्यायची नाही, असं ठरलं. आबांनाही ते ऐकावं लागलं. मोठ्या शहरांत मोठ्या पुरस्कारांचे पत्रकार असतील. माझ्या घरात हे होते, याचा मला अभिमान आहे. तोंडावर कधी बोललो नाही, मेहुण्यांत तसं बोलत नाहीत.

परवा ताईकडे गेलो होतो. दुपारी आम्ही ओट्यावर बसलो असताना राखेची एक गाडी घरासमोरच थांबली. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. चालक उतरला, वर चढून दोरी आवळू लागला.

ताई मला हळूच म्हणाली, "ह्ये गेले, तरी भेतेत बघ त्यांला."

त्यानं ते ऐकलं. गाठ पक्की केली, खाली उतरला, हात झटकले.

"भ्याव कशाचं, काकू," तो म्हणाला. "माझी पोरगी हाय त्या शाळंत."

ताई उठली, पदर खोचला आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.